पाळीच्या कळा: शेक, गोळी आणि दवाखाना यांची वेळ कशी साधायची

पाळीच्या कळांवर घेतलेली गोळी लागू पडत नाही, अशी तक्रार अनेकजणी करतात. ती उशिरा घेतलेली असणं हे त्याचं एक नेहमीचं कारण. सकाळी कळ सुरू होते. 'थोडं सोसू, थांबेल' म्हणता म्हणता दुपार होते. उलटी होते, पाय लटपटायला लागतात, आणि मग शेजारून मागून आणलेली एक गोळी रिकाम्या पोटी गिळली जाते. तिचा अर्धामुर्धा गुण येतो आणि पुढच्या महिन्यात ती घ्यायचीच नाही असं ठरतं. पाळी सुरू होऊन थोडीच वर्षं झालेल्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी हे वाचावं. बेळगाव शहर असो, खानापूरकडचं खेडं असो की निपाणी-चिकोडी, घरच्या घरी काय करायचं आणि दवाखाना कधी गाठायचा, एवढं यात सांगितलं आहे.

दुखतं कशाने

गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला अवयव आहे. पाळी येताना त्याचं आतलं अस्तर सुटतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. त्यांच्यामुळे स्नायू आवळतात, ओलं कापड पिळावं तसे. त्या पिळ्यात रक्तवाहिन्याही दाबल्या जातात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि कळ येते. हीच रसायनं रक्तातून इतरत्र पोहोचली की मळमळ, पातळ जुलाब, डोकेदुखी, घाम असे त्रास होतात. त्यामुळे पाळीच्या पहिल्या दिवशी चार वेळा शौचाला जावं लागलं तर काहीतरी बाधलं असं समजू नका.

पहिल्या एक-दोन दिवसांत या रसायनांचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. आयब्युप्रोफेनसारखी गोळी त्यांचं तयार होणं रोखते. जे आधीच तयार झालं आहे ते तिला काढून टाकता येत नाही. गोळी लवकर घ्यायची ती यासाठी.

नेहमीचं पाळीचं दुखणं ओळखता येतं. ते रक्तस्रावाबरोबर किंवा त्याच्या काही तास आधी सुरू होतं, बेंबीखाली मधोमध असतं, कंबर आणि मांड्यांपर्यंत उतरतं आणि एक ते तीन दिवसांत थांबतं. पहिली पाळी आल्यावर साधारण वर्ष-दोन वर्षांत ते सुरू झालेलं असतं. याच्याशी न जुळणारं दुखणं वेगळं, त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

आधी कालनिर्णयवर खुणा करा

भिंतीवर कालनिर्णय असेलच. रक्त दिसलेल्या पहिल्या दिवसाभोवती गोल करा. पुढच्या महिन्यातला पहिला दिवस येईपर्यंतचे दिवस मोजा. तेवढं तुमचं चक्र. मोठ्या बायकांत ते २१ ते ३५ दिवसांचं असतं, पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत ४५ दिवसांपर्यंतही जातं. पुष्कळ मुली पाळी संपल्याच्या दिवसापासून मोजतात आणि सगळा अंदाज चार-पाच दिवसांनी चुकतो.

त्याच चौकटीत आणखी तीन गोष्टी बारीक अक्षरात लिहा: दुखणं ० ते १० पैकी किती, दिवसात पॅड किती लागले, गोळी कोणती आणि किती वाजता घेतली. घरात सगळ्यांना दिसेल म्हणून संकोच वाटत असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. तीन महिन्यांच्या अशा नोंदी हातात असल्या तर डॉक्टरांना निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

शेक

शेकाने स्नायू सैल पडतो आणि त्या भागाचा रक्तपुरवठा सुधारतो. त्यासाठी चटका बसेल इतकं गरम लागत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ओटीपोटाला साधारण ३९ अंशांची ऊब सलग १२ तास दिली होती, आणि दिवसातून तीनदा घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेनइतका आराम त्यातून पडला. सोसवेल इतकी मंद ऊब जास्त वेळ देणं, हे यातून घ्यायचं.

रबरी पिशवी असेल तर बंबातलं किंवा गॅसवर तापवलेलं पाणी घ्या, पण उकळतं नको. उकळलंच असेल तर दहा मिनिटं थांबा. पिशवी दोन तृतीयांशच भरा. मग ती टेबलावर हलकेच आडवी करून तोंडाशी पाणी येईपर्यंत हवा काढा आणि बूच घट्ट लावा. हवा आत राहिली तर पिशवी फुगते आणि पोटावर नीट बसत नाही. उलटी धरून एकदा गळती बघा. टॉवेलात गुंडाळा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे सोसवलं तरच पोटावर. बेंबीच्या खाली १५ ते २० मिनिटं ठेवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा ठेवा. कंबर जास्त दुखत असेल तर कुशीवर वळून पिशवी कमरेला लावा. रबराला भेगा पडल्या, ते कडक झालं की पिशवी टाकून द्या. फुटलेल्या पिशवीने मांड्या भाजतात आणि त्या जखमा पाळीपेक्षा कितीतरी दिवस छळतात.

पिशवी नसली तरी अडत नाही. दोन मुठी खडेमीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू लोखंडी तव्यावर तीन-चार मिनिटं परता, जाड सुती कापडात सैलसर पुरचुंडी बांधा आणि दोन मिनिटं थांबून शेका. वाळू उष्णता जास्त वेळ धरते. मीठ तडतडतं म्हणून तव्यापासून तोंड लांब ठेवा. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींनी स्टीलची बाटली गरम पाण्याने भरून टॉवेलात गुंडाळावी. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरू नका, ती मऊ पडते आणि बूच सुटतं. विजेवर तापणारी पिशवी घेतलीत तर प्लग काढल्याशिवाय अंगाला लावायची नाही, यात सवलत नाही.

पिशवी पोटावर ठेवून झोपी जाऊ नका. महिनोन्‌महिने फार गरम शेक घेतला तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. ते दिसले की शेकाची उष्णता कमी करायची.

काही घरांत पाळीच्या दिवसांत अजूनही बाजूला बसवतात. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला फरशी किती गार पडते ते तिथल्या बायकांना ठाऊक आहे. दुखणाऱ्या मुलीला पडवीत नुसत्या चटईवर झोपवणं म्हणजे तिचं दुखणं वाढवणं. रिवाज मोडायचा की पाळायचा हे घर ठरवेल, पण जाड अंथरूण, पांघरूण, गरम पाणी आणि वेळेवर गरम जेवण तिच्यापर्यंत पोहोचलंच पाहिजे.

गोळी

पाळीच्या दुखण्यावर सगळ्यात जास्त वापरली जाणारी दोन औषधं म्हणजे आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड. जनऔषधी केंद्रात ती ब्रँडच्या नावाशिवाय, स्वस्तात मिळतात. मेफेनॅमिक ॲसिड डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचं औषध आहे. पहिल्यांदा कोणतीही गोळी सुरू करताना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. वजन ४० किलोपेक्षा कमी असेल तर मात्रा त्यांनीच ठरवायची.

धडधाकट मोठ्या मुलीसाठी आयब्युप्रोफेनची मात्रा अशी: ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, काहीतरी खाऊन, भरपूर पाण्याबरोबर. पुढची आठ तासांनी. दिवसाला तीन गोळ्या, म्हणजे १२०० मिलिग्रॅम, याच्यावर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जायचं नाही. सकाळी सहाला रक्त दिसलं किंवा ओळखीची कळ उठली तर अर्धी भाकरी किंवा दूध-बिस्कीट खाऊन पहिली गोळी, दुपारी दोनला जेवणानंतर दुसरी, रात्री दहाला थोडं दूध पिऊन तिसरी. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी दुखत नसेल तर बंद. मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, जेवणानंतर, जास्तीत जास्त तीन दिवस अशा बेताने डॉक्टर देतात.

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

एक गोळी घेतली, दोन तासांनी बरं वाटलं, म्हणून पुढची सोडून दिली तर संध्याकाळी दुखणं पुन्हा उसळतं. पहिल्या दिवशी तरी घड्याळाप्रमाणे घ्यायची, दुखण्याची वाट बघून नव्हे. ज्यांची पाळी ठरल्या दिवशी येते त्यांनी कळ बसायच्या आधी, पाळी येणार अशी खूण दिसताच सुरुवात केली तरी चालते. मात्र दिवस राहिल्याची थोडीही शक्यता असेल तर ही गोळी घेऊ नका, आधी तपासणी करा.

रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीने जळजळ होते. गोळीनंतर लगेच उलटी होऊन ती अख्खी बाहेर पडलेली दिसली तर पोट शांत झाल्यावर दुसरी घेता येते. दिसली नाही तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

पाकिटाच्या मागे आत काय आहे ते वाचायची सवय लावा. मेफ्टाल-स्पास म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोळीत मेफेनॅमिक ॲसिड २५० मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम असतं. डायसायक्लोमिनने तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, नजर धूसर होते. ती घेऊन स्कूटर चालवू नका. आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड एकाच दिवशी दोन्ही घेऊ नका. नावं वेगळी असली तरी दोघांचं काम एकच, आणि पोटावर व मूत्रपिंडावर त्यांचा भार दुप्पट पडतो. डोकेदुखीसाठी म्हणून मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांतही आयब्युप्रोफेन मिसळलेलं असतं.

पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, ॲस्पिरिनसारख्या गोळीने वाढणारा दमा, रक्त पातळ करणारं औषध चालू असणं: यातलं काही असेल तर ही औषधं टाळायची. पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यूची शंका मिटेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्या. पॅरासिटामॉल पाळीच्या कळांवर थोडं कमी पडतं, पण आयब्युप्रोफेन चालत नाही अशांना तेच सोयीचं: ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, सहा तासांच्या अंतराने.

मेफेनॅमिक ॲसिडबद्दल आणखी एक. त्याने क्वचित तीव्र ॲलर्जी उद्भवते, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला होता. औषध सुरू केल्यापासून काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, मानेत-काखेत गाठी असं दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा. असं फार थोड्यांना होतं, तेव्हा भीतीने दुखणं अंगावर काढण्याची गरज नाही.

आणि सवय लागेल, पुढे मूल होणार नाही, गर्भाशय कमजोर होईल, असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. महिन्यातून दोन-तीन दिवस, योग्य मात्रेत घेतलेल्या या गोळ्यांची सवय लागत नाही.

सुंठ, ओवा आणि खाणं

घरगुती उपायांत सुंठीच्या बाजूने चाचण्यांचा आधार आहे. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज ७५० ते २००० मिलिग्रॅम सुंठ पूड देऊन त्या केल्या गेल्या. घरच्या मापात पाव चमचा पूड म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम; ती गरम पाण्यात, हवा तर गूळ घालून, दिवसातून तीनदा घ्या. जळजळीचा त्रास असेल तर जेवणानंतर. ओव्याने पोटातला वारा सरतो आणि हलकं वाटतं, पण कळांवर त्याचा भरवसा धरू नका. काढा पिऊन गोळीची वेळ टळू देऊ नका, दोन्ही बरोबर चालतं.

दही, ताक, चिंच, लोणचं बंद करण्याची गरज नाही. डोक्यावरून अंघोळ चालते, गरम पाण्याची असेल तर बरंच वाटतं. मळमळत असेल तर नाचणीची आंबील किंवा मऊ भात थोडा थोडा खा. उपाशी राहिलं की गोळीही घेता येत नाही आणि चक्करही येते, म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी उपवास नको.

हालचाल

महिनाभर आठवड्यातून तीनदा ४५ ते ६० मिनिटं चालणं, योगासनं किंवा कोणताही व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं कमी होतं, असं चाचण्यांत दिसलं आहे. गुण दिसायला दोन-तीन पाळ्या जाव्या लागतात. ऐन दुखण्यात बालासन, मार्जारासन सावकाश आठ-दहा वेळा, किंवा कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडणं. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या किंवा दिवसभर मशीनवर शिवणाऱ्या बायकांनी एका बैठकीत तास-तास काढू नये. अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात दोन फेऱ्या माराव्या आणि पाठीला उशी घ्यावी.

गोळ्या चालत नसतील तर फिजिओथेरपिस्टकडे टेन्स नावाचं छोटं यंत्र मिळतं. ओटीपोटावर किंवा कमरेवर चिकटपट्ट्या लावून त्यातून सौम्य झिणझिण्या देतात. पेसमेकर असलेल्यांनी ते वापरू नये.

कधी थांबायचं नाही

पाळी चुकलेली आहे आणि एका बाजूला जोराची कळ येऊन चक्कर येते किंवा खांदा दुखतो. अचानक एका कुशीत असह्य दुखून उलट्या होतात. दुखण्याबरोबर ताप आणि घाण वासाचा स्राव आहे. सलग काही तास तासाला एक पॅड पूर्ण भिजतो आहे. यापैकी काहीही झालं तर शेक, गोळी करत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठा. पहिल्या प्रकारात गर्भ गर्भाशयाबाहेर वाढत असू शकतो आणि पोटात रक्तस्राव होतो. तिथे जिवाला धोका असतो.

तेवढी घाई नसली तरी डॉक्टरांकडे न्यायची दुखणी अशी: योग्य मात्रेत, योग्य वेळी तीन पाळ्या गोळी घेऊनही शाळा किंवा काम बुडतंच, दुखणं दर महिन्याला वाढत चाललं आहे, पाळी नसतानाही दुखतं, पाळीत शौचाच्या, लघवीच्या वेळी किंवा एरवी संबंधाच्या वेळी कळ येते, पंचविशी-तिशीनंतर पहिल्यांदाच दुखायला लागलं, पाळी सातपेक्षा जास्त दिवस चालते किंवा रक्ताच्या मोठ्या गाठी पडतात, तांबी बसवल्यापासून त्रास वाढला. यामागे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), गर्भाशयातल्या गाठी किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. जगात पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना एंडोमेट्रिओसिस असतो, आणि 'लग्नानंतर थांबेल' म्हणत त्याची वर्षंच्या वर्षं वाया घालवली जातात. सोनोग्राफी साधी निघाली म्हणून तो नाही असं ठरत नाही. दुखणं चालूच राहिलं तर पुन्हा जा.

मुलीला पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पाळीच आली नाही आणि दर महिन्याला ओटीपोट दुखतं, तर रक्त बाहेर यायची वाट बंद असू शकते. पुष्कळदा छोट्या शस्त्रक्रियेने ते बरं होतं.

अंगावरून फार जात असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात. त्या चहाबरोबर घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही, लिंबू-पाण्याबरोबर घ्या.

दवाखान्यात

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. तिथून तालुका रुग्णालयात आणि गरज पडली तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात. आशाताईंना आधी विचारलं तर डॉक्टर कोणत्या वारी असतात ते कळतं. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरूनच करतात; त्यासाठी तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पिऊन लघवी तुंबवून जावं लागतं. आतून तपासणी करावी लागेल या भीतीने जाणं टाळू नका, तुमच्या संमतीशिवाय ती होत नाही. आईसमोर बोलता येत नसेल तर 'मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचं आहे' असं सरळ सांगा.

डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या सुचवतील. त्या गर्भनिरोधक म्हणून ओळखल्या जातात, त्यामुळे अविवाहित मुलीच्या घरात वादळ उठतं. अस्तर पातळ राहिलं की प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होतं आणि दुखणं कमी होतं, एवढाच त्यांचा इथे उपयोग. बंद केल्यावर मूल होण्यात त्यांची आडकाठी नसते. डोकं दुखायला लागण्याआधी डोळ्यांपुढे चमकतं अशी अर्धशिशी, रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर ते सांगायला विसरू नका.

तरुण बाईला निव्वळ पाळीच्या दुखण्यासाठी कुणी गर्भाशयाची पिशवी काढायला सांगितली तर होकार देण्याआधी सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या मोठ्या संख्येने झालेल्या अशा शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये उघडकीला आलं. बेळगाव पट्ट्यातल्या कारखान्यांवर ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्यांतल्या बायकांपर्यंत ही गोष्ट पोहोचवायला हवी.

बेळगाव-खानापुरात मराठी बोलणारे कर्मचारी भेटतात. अथणी, गोकाककडे बदलीवर आलेल्या परिचारिकेला फक्त कन्नड येत असेल तर 'मुट्टिन समयदल्ली होट्टे नोवु बहळ इदे' म्हणजे पाळीच्या वेळी पोट फार दुखतं, आणि 'रक्तस्राव हेच्चु इदे' म्हणजे रक्त जास्त जातं, एवढी दोन वाक्यं पुरतात. नोंदीचं पान आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत न्या. आकडे आणि औषधांची नावं दाखवायला भाषा लागत नाही.

नोकरी करणाऱ्यांसाठी: महिन्याला एक, म्हणजे वर्षाला १२ दिवस भरपगारी पाळीची रजा देण्याच्या धोरणाला कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यात, दुकानात किंवा कार्यालयात काम करत असाल तर ती तुमच्या आस्थापनेत कशी लागू आहे ते व्यवस्थापनाकडे लेखी विचारा आणि अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा.